घोटाभर पाणी

बंदरावर समुद्राची पातळी मोजणाऱ्या त्या माणसाला सगळे 'सेंटीमीटर' म्हणत, आणि नाव त्याला अगदी फिट्ट बसलं होतं. धक्क्याच्या दगडात ठोकलेली, जिच्यापासून सगळ्या उंच्या मोजायच्या ती पितळी खुंटी हाच त्याचा देव. कुणी म्हणालं, समुद्र चढतोय, की हा विचारणार, "समुद्र चढतोय की जमीन खचतेय? किनाऱ्यावरून दोन्ही सारखंच दिसतं. आधी खुंटीला विचारा!"

आईच्या खोलीत पाणी आलं तेव्हाही त्यानं खुंटीलाच विचारलं. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. फरशीवर घोटाभर पाणी, चवीला खारट. धक्क्यावरच्या पट्टीवर मात्र समुद्र नेहमीच्याच आकड्याला. मग घरच खचलं असणार! त्यानं मोजणीची दुर्बीण लावून खुंटीपासून उंबरठ्यापर्यंत उंची मोजली. घर तसूभरही हललं नव्हतं.

"अहो, तुमचा कागद कोरडा आहे, पण आईंची चादर भिजतेय," बायको कडाडली. "टेकडीवर माझ्या बहिणीकडे हलवू या त्यांना."

"एकदा पुन्हा मोजतो."

त्या 'एकदा'चे अकरा दिवस झाले. पाणी गादीला लागलं, म्हातारीच्या छातीत कफ भरला, तेव्हा कुठे याचे डोळे उघडले. स्वतःचीच लाज वाटली त्याला.

टेकडीवरची खोली कोरडीठाक होती. आईला तिथं निजवून तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

जेवून हात धुतोय तोच बायकोनं हाक मारली. पलंगाखाली पाणी होतं. अंगण कोरडं, शेजारची खोली कोरडी, नळ बंद.

"पाणी नाही रे चढत," आई पुटपुटली. "मीच खाली चाललेय."

"काहीतरीच काय, आई!"

दुसरं काही येत नव्हतं म्हणून त्यानं दारात दुर्बीण लावली. बायकोनं चार मीटरची पट्टी पलंगाशेजारी पाण्यात उभी सोडली.

"टेकली?"

"नाही."

पट्टी उतरतच होती. बायकोचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला.

"टेकली का?"

"नाही हो!" ती रडायला लागली. पट्टी तिच्या हातून सुटली.

तो धावला. आई गादीवरच होती, डोळे उघडे. त्यानं तिचा हात धरला. बर्फासारखा गार.

"आई, मी आहे गं इथं."

आईचे ओठ हलले, मिटले.

आवाज नंतर आला. पलंगाखालून, फार खोलातून.

"दिसत नाहीस रे."