राक्षसाची शिंक

"मॅडम, उघडा आता डोळे. गेला राक्षस."

अंधारात मागून हे शब्द आले आणि मी खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिले. क्लबहाउसमध्ये मी एकटी आहे, अशी माझी समजूत होती. खिडक्यांना पडदे, समोर पांढरी चादर, चादरीवर पिक्चर... आणि मी, समिधा टीचर, जिच्या नुसत्या भुवया वर गेल्या की सीनियर केजी चिडीचूप होतं, ती दोन्ही हातांनी डोळे घट्ट झाकून बसलेली.

"मी डोळे मिटले नव्हते," मी म्हटलं. "कचरा गेला होता."

"दोन्ही डोळ्यांत?"

वळून बघितलं, तर प्रोजेक्टरपाशी एक उंच, सावळा मुलगा उभा. गळ्यात सोन्याची चेन, खांद्यावर वायरचं भेंडोळं, आणि चेहऱ्यावर हसू दाबून ठेवल्याचे सगळे पुरावे. हा भूपेश. जवळच्याच, खाडीकाठच्या राई गावचा. लग्नाहळदीला मंडप, साऊंड आणि स्क्रीन पुरवायचा त्यांचा घरचाच धंदा. आमच्या पूनम सागरच्या सोसायटीने मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना पिक्चर दाखवायचं ठरवलं, तेव्हा त्यालाच बोलावलं होतं.

पिक्चर कुठला, यावर वाद नव्हता. जो कार्टूनचा पिक्चर यंदा प्रत्येक मुलाच्या दप्तरावर आणि डब्यावर होता, तोच. वाद होता तो दाखवावा का, यावर. अर्ध्या आया म्हणत होत्या दाखवा, अर्ध्या म्हणत होत्या त्यात पाण्यातला राक्षस आहे, लहान मुलं घाबरतील. शेवटी आमचे सेक्रेटरी हरिश्चंद्र काका म्हणाले, "समिधा बघेल आणि सांगेल. ती चालेल म्हणाली तर चालेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. जूनपासून त्याच क्लबहाउसमध्ये मी स्वतःची बालवाडी सुरू करणार होते, त्यामुळे मीही ऐटीत हो म्हटलं. आयांचा माझ्या शब्दावर विश्वास, एवढंच तर माझं भांडवल होतं.

फक्त एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. आई म्हणतेच, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

"काय झालं मघाशी?" मी हळूच विचारलं. "म्हणजे... कचरा गेला होता तेव्हा."

पिक्चरमधल्या मुलीचं शेळीचं करडू तळ्यातला राक्षस पळवतो आणि ती त्याला शोधायला पाण्याखाली जाते, एवढं मी बघितलं होतं. पुढचं सगळं माझ्या तळहातांच्या आड घडलं होतं.

भूपेश क्षणभर थांबला. "राक्षसाने करडू गिळलं."

"अगं बाई! मग?"

"मग त्याला शिंक आली." त्याने नाक चोळून दाखवलं. "अशी जोरात, की करडू टुणकन बाहेर!"

मला खुदकन हसू आलं. एवढा धिप्पाड माणूस, आणि शिंक सांगताना त्याचा चेहरा अगदी माझ्या वर्गातल्या मुलांसारखा झाला होता. त्याच रात्री मी आयांच्या ग्रुपवर लिहून टाकलं, 'पिक्चर बघितला. चालेल. राक्षसाला शिंक येते आणि सगळं गोड होतं.'

दुसऱ्या दिवशी तो साऊंड तपासायला आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तो साऊंड नीट तपासला होता का, हे तपासायला आला. मीही क्लबहाउसच्या भिंतींवर लावायची चित्रं अचानक रोज संध्याकाळीच कापायला घेतली.

"टीचर, वायर जरा धरता का?"

"दोन माणसं आहेत ना तुमच्याकडे मदतीला?"

"हायेत की. पण त्यांच्या डोळ्यांत कचरा जात नाही ना..."

मी कात्री उगारली. तो हसत माघार घेताना वायरमध्येच अडकला. खाडीकडून खारा वारा येत होता, खाली मुलं सायकली फिरवत होती, आणि मी कापलेल्या फुलपाखराला तीन पंख झाले होते. सांगून टाकते — मला तो आवडला होता. आई माझ्यासाठी रत्नागिरीकडची स्थळं बघत होती, आणि मी राईकडून येणाऱ्या टेम्पोच्या हॉर्नकडे कान लावून बसत होते.

पिक्चरच्या आदल्या दिवशी दुपारी लिफ्टमध्ये ममता भेटली. तिची चांदणी माझ्या बालवाडीत येणार होती. फार हळवी पोर, मेलेली मुंगी बघूनही रडणारी.

"समिधा, तू नक्की बघितलास ना पिक्चर?" ममताने विचारलं. "माझ्या बहिणीची मुलं काल बघून आली. शिंक वगैरे काहीच नाही म्हणतात. ते करडू परत येतच नाही."

लिफ्ट वर जात होती आणि मी खाली. "मी... जरा बघून सांगते," एवढंच तोंडून निघालं.

"अगं, बघितलास म्हणालीस ना?" ममता म्हणाली. ती रागावली नव्हती, फक्त माझ्याकडे बघत राहिली. ते जास्त लागलं.

मी तशीच खाली उतरले आणि रिक्षा पकडली. "राई जाना है भैया, जल्दी." रस्ताभर मी भांडणाची तयारी करत होते. तो काय म्हणणार, हेही ठरवून टाकलं होतं. 'मी स्क्रीनकडे कुठे बघत होतो, मी तर तुमच्याकडे बघत होतो,' असंच काहीतरी गुळगुळीत म्हणणार. आणि मग मी असं काही सुनावणार, की बस!

त्याच्या दारात चुलत बहिणीच्या हळदीचा मंडप चढत होता. ओट्यावर एक आजी सुकट निवडत बसली होती.

"कोन गो तू?" तिने विचारलं.

"भूपेश आहे?"

"हाय की. ये, बस." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हाक मारली, "भूप्या, तुझी टीचर आलीय!"

म्हणजे घरात माझा विषय निघाला होता. पण मी विरघळले नाही. भूपेश हात पुसत बाहेर येताच मी सुरू झाले. "तुम्ही खोटं बोललात! शिंक नाहीच आहे पिक्चरमध्ये. तुमच्या भरवशावर मी सगळ्या आयांना सांगून बसले. कुठे बघत होतात तेव्हा? सांगा ना, कुठे बघत होतात?"

तो खाली मान घालून उभा राहिला. "कुठेच नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी पण डोळे मिटले होते."

माझी सगळी तयारी फुकट गेली.

"एवढ्या सोसायट्यांत लावला तो पिक्चर, पण तो सीन एकदा पण नाही बघितला. म्युझिकवरून कळतं मला. बासरी लागली की उघडायचे. त्या दिवशी मी उघडले, तर तुमचे अजून बंद..."

"पण शिंक कुठून आणलीत?"

उत्तर आजीने दिलं. ती रखमाबाई, त्याच्या वडिलांची आई. "त्याच्या आज्याची हाय ती शिंक," ती म्हणाली. "ह्यो लहान होता, तवा पावसात खाडीचं पानी घरात शिरलं. ह्याच्या आज्याने ह्याला माळ्यावर बसवला. शेळी खाली बांधलेली. ती काय वाचली न्हाय. पोर रडाय लागला. मंग आजा म्हनला, पान्याने गिललीय तिला, पान्याला शिंक आली का येल भाईर."

"आजी, बस झालं," भूपेश पुटपुटला.

"बस काय? माझा मसाल्याचा आख्खा डबा ह्याने खाडीत ओतला! पान्याला शिंक यावी म्हनून!"

आजी हसत होती. मीही हसले आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. तो लहानगा भूपेश मला दिसत होता. खाडीच्या काठावर रिकामा डबा घेऊन, पाणी कधी शिंकतं याची वाट बघत उभा असलेला.

"किती दिवस वाट बघितलीत?" मी विचारलं.

"पावसाळाभर," तो म्हणाला. "आज्याचं प्रेम होतं हो. पण कुणीतरी खरं सांगितलं असतं ना... तर मी रडून मोकळा झालो असतो."

मी राग विसरून गेले. "लॅपटॉप आहे? आत्ता बघायचा तो सीन. दोघांनी."

अर्धवट बांधलेल्या मंडपात स्पीकरच्या खोक्यावर त्याने लॅपटॉप ठेवला. आम्ही दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढल्या आणि एक नियम केला. एकाने डोळे मिटले, तर दुसऱ्याने उघडे ठेवायचे आणि काय दिसतं ते खरं सांगायचं.

पाणी चढायला लागलं तसे त्याचे डोळे मिटले. म्हणजे पाळी माझी होती. खुर्चीचा हात घट्ट धरून मी बघितलं. "राक्षस आला... फार मोठा आहे. करडू गेलं, भूपेश." त्याची खुर्ची करकरली. "आता तो रडतोय. राक्षसच रडतोय. एकटा आहे तो. करडाची घंटा त्याने स्वतःच्या गळ्यात बांधलीय."

"आणि मुलगी?"

"खूप ओरडते त्याच्यावर. आणि आता... त्याच्या शेजारी बसलीय. उघडा डोळे. हे बघण्यासारखं आहे."

त्याने उघडले. बासरी लागली होती. ओट्यावर आजीचं सुकट निवडणं चालू होतं.

"दाखवायचा?" त्याने विचारलं.

"दाखवायचा," मी म्हटलं. "पण आयांना आधी खरं सांगून."

संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. मी घाबरून डोळे मिटले होते, करडू परत येत नाही, आणि तरीही मुलांनी हा पिक्चर बघावा असं मला आता डोळे उघडे ठेवून वाटतं. पहिलं उत्तर ममताचं आलं, 'मी चांदणीला मांडीवर घेऊन बसेन.' मागोमाग बाकीच्यांचे अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर कंपाउंडमध्ये चटया पसरल्या. मुलं पुढे, आया मागे, खुर्चीवर माझी आई. रखमा आजीही टेम्पोत बसून आली होती. मी प्रोजेक्टरपाशी भूपेशच्या शेजारी उभी. मुलं फारच घाबरली, तर त्याने भिंगासमोर हात धरायचा, असं आमचं ठरलं होतं.

तो सीन आला. पाणी चढलं, राक्षस उठला... आणि पडदा काळा झाला. पाच बोटांची भलीमोठी सावली!

"ए, हात काढा!" मुलं ओरडली. "दिसत नाहीये!"

एकाही मुलाने डोळे मिटले नव्हते. मिटले होते ते भूपेशने. घट्ट. आणि हात भिंगासमोर तसाच. मी तो हात धरून खाली घेतला.

पण पुरता खाली नाही. कारण धरल्यावर तो मला सोडवेना. पडद्याच्या कोपऱ्यात, राक्षसाच्याही वर, दोन हातांची सावली पडली, एकमेकांत अडकलेली. माझ्या मनगटात आईने वाढदिवसाला दिलेलं घुंगरांचं ब्रेसलेट होतं. त्याचा एकेक घुंगरू पडद्यावर नारळाएवढा दिसत होता. ते कुणाचं, हे सगळ्या सोसायटीत कुणालाही विचारावं लागलं नसतं.

"सगळ्यांना दिसतंय का?" भूपेशने डोळे न उघडता विचारलं.

"हो."

"सोडू?"

"नको," मी म्हटलं. "डोळे उघड. मी बघतेय ना."

मी पहिल्यांदाच त्याला अरे म्हटलं होतं. त्याने डोळे उघडले, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुणीतरी शिट्टी वाजवली. मांडीवरून उठून चांदणी ओरडली, "समिधा टीचर, तुमचा हात पिक्चरमध्ये आलाय!"

अंधारातून ममताचा खट्याळ आवाज आला. "टीचर, हे मुलांना दाखवायला चालेल का हो?"

सगळं कंपाउंड हसलं. मी मात्र हसले नाही, कारण पुढच्या खुर्चीवरून आई वळली होती. तिने आधी पडद्यावरच्या सावलीकडे बघितलं, मग मागे आमच्या हातांकडे, मग भूपेशकडे. रखमा आजीही सावरून बसली. बासरी वाजायला लागली.

"चालेल," आई म्हणाली. "मी चांगले डोळे उघडे ठेवून बघितलंय."