धीर सुटलेल्यांना आधी

वैजयंता शेळकेनं दुपारचा डबा नुकता उघडला होता, तेवढ्यात वेतवाडीचा फोन आला. बाईचा हंबरडा, तुटलेला श्वास आणि "मालक" एवढा एकच शब्द. पडद्याच्या कोपऱ्यात धीरमापकानं दोन सेकंदांत निकाल दिला: कोलमडलेला. घाटातल्या वाड्यांसाठी दोन उडत्या रुग्णवाहिका होत्या, त्यांतली एक लगेच गच्चीवरून उठली.

मेथीची भाजी तशीच राहिली. हंबरड्याचं तिला काही वाटलं नव्हतं. आपत्कालीन कक्षात नऊ वर्षं काढली की कान निबर होतात. तिला खटकला तो श्वास. त्याच आठवड्यात वेतवाडीहून आलेल्या आणखी दोन फोनांतही श्वास नेमका याच ठिकाणी तुटला होता. माणसं एका वाडीत राहतात हे ठीक, पण रडतातही एकाच तालावर?

धीरमापक दोन वर्षांपूर्वी कक्षात आला. आवाजातला कंप, दोन श्वासांमधलं अंतर, गिळलेले शब्द मोजून तो बोलणाऱ्याची अवस्था सांगायचा. आरोग्य समितीनं त्याला पाच पायऱ्या नेमून दिल्या होत्या: स्थिर, कावराबावरा, हातपाय गळालेला, धीर सुटलेला आणि कोलमडलेला. जो जास्त खचला त्याला गाडी आधी. पूर्वी पुढाऱ्यांच्या मेव्हण्यांना गाडी आधी मिळायची, म्हणून निर्णय ऑपरेटरच्या हातून काढून यंत्राला दिला गेला. वैजयंतालाही तेव्हा ते पटलं होतं.

तासाभरानं गाडी परतली. मालक ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. निदान: अपचन.

वैजयंता तडक कक्षप्रमुख नलवडे साहेबांकडे गेली. "साहेब, वेतवाडीत कुणीतरी बायकांना रडायला शिकवतंय."

"मॅडम, रडायला कोण शिकवतं? जन्मल्याबरोबर येतं ते," साहेब हसले.

रविवारी तिनं स्कूटर काढली आणि घाट चढून वेतवाडी गाठली. समाजमंदिरात दहा-बारा बायका बसल्या होत्या. पुढं उभी होती कुसुम गुरव, साठीला टेकलेली, वाडीची 'आशा' आरोग्यसेविका. "पयल्याछूट नाव सांगू नका," ती समजावत होती. "श्वास अर्ध्यात सोडा. शब्द गिळा." बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाज नाही वाटत ताई? तुमच्या या नाटकापायी तिकडं खराखुरा पेशंट मरत असेल."

कुसुम जराही दचकली नाही. तिनं बायकांना घरी पाठवलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"गेल्या साली वाडीतल्या सविताचं बाळंतपण अडलं. रगात थांबंना. मी फोन लावला. आमास्नी शिकवलंय तसं सांगितलं. नाव, वय, कितवा महिना, किती रगात गेलं. आवाज चढू दिला न्हाई. तुमचं यंत्र म्हणालं, स्थिर. गाडी दुसरीकडं गेली. मी रडले न्हाई म्हणून सविता गेली, बाई."

वैजयंताला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण घाट उतरता उतरता संशयानं पुन्हा डोकं वर काढलं. ही बाई दुःखसुद्धा इतकं नीटनेटकं कसं सांगते? सोमवारी तिनं जुन्या नोंदी उघडल्या. सविता, वय चोवीस, स्थिर, मृत. शब्दन् शब्द खरा होता. तरीही तिनं अहवाल लिहिला, कारण अपचनाचे मालकही तितकेच खरे होते.

आठवड्याच्या आत यंत्राला सहावी पायरी मिळाली: सोंग. तो शिकवलेला श्वास ऐकू आला की फोन रांगेच्या शेवटी जाऊ लागला. साहेबांनी वैजयंताची पाठ थोपटली.

पंधरा दिवसांनी सकाळी अकराला कुसुमचा फोन आला.

"वेतवाडी. माझी सून, वय सव्वीस. शेतात नाग चावला, उजव्या पायाला. वीस मिन्टं झाली. पापण्या मिटाय लागल्यात, गिळता येत न्हाई."

पडदा: स्थिर.

एक गाडी दुरुस्तीला गेली होती. दुसरी आंबेरानाकडं निघाली होती. तिथला एक माणूस, आई माळ्यावरून पडली म्हणून ऊर फुटेस्तोवर रडला होता: कोलमडलेला. तो हंबरडाही वैजयंताला खोटा वाटला. आताशा तिला सगळेच हंबरडे खोटे वाटत.

"ताई, रडा," ती कुजबुजली.

"काय?"

"रडा! बायकांना शिकवता तसं."

पलीकडं कुसुमनं श्वास अर्ध्यात सोडला, शब्द गिळला. पडदा: सोंग.

"जमंना, बाई," पुन्हा तोच सपाट आवाज. "तीस वर्सं लोकास्नी घाबरू नका म्हनत आले. आता माझं मलाच जमंना. पोरीचा श्वास हळू व्हायलाय."

पुढं काय झालं ते वैजयंताला नंतर नीट सांगता आलं नाही. ती उभी राहिली होती, टेबलावर हात आपटत ओरडत होती, "अहो, मरतेय ती! माझ्यामुळं मरतेय! कुणीतरी गाडी फिरवा..." मग शब्द संपले आणि घशातून नुसता आवाज येत राहिला. हा आवाज फोन करणारीचा की ऑपरेटरचा, हे यंत्राला कळत नव्हतं. वेतवाडीच्या फोनवर कुणीतरी पार खचलंय, आंबेरानाच्या माणसापेक्षाही जास्त, एवढंच त्याला कळलं. पडदा: कोलमडलेला. नकाशावर गाडीचा ठिपका वळला.

पाऊण तासानं निरोप आला. प्रतिविष वेळेत मिळालं होतं, सुनेनं डोळे उघडले होते. वैजयंता खुर्चीत बसली.

साहेब तिच्या खुर्चीमागं येऊन उभे होते. "मॅडम, मघाचं ते खरं होतं की सोंग?"

तिनं उत्तर शोधलं. टेबलावर आपटलेले तळहात अजून लाल होते. पण ओरडायला तोंड उघडलं, त्याच्या आधी क्षणभर मनात काही डाव आला होता का, हे तिला काही केल्या आठवेना. इतके दिवस ती दुसऱ्यांचे श्वास तपासत होती, आणि आज तिला स्वतःच्याच श्वासाची खात्री देता येत नव्हती.

समोर दुसरी लाइन लुकलुकत होती. आंबेरान. तिनं फोन घेतला. मघाचा तोच माणूस होता, पण आता तो रडत नव्हता. पडद्यावर यंत्रानं लिहिलं: स्थिर.

"बाई," तो सावकाश म्हणाला, "गाडी आमच्या टेकाडापतोर आली हुती. मी आईला म्हटलंबी, आली बघ. मग ती माघारी का फिरली?"