मागल्या पाख्यावरचा घास

ती वात जरा खाली करा. आणि कुणी काही चघळत असेल तर आधी गिळून टाका. ही गोष्ट तोंडात घास असताना ऐकायची नाही.

खालापूरच्या खालच्या अंगाला, पाताळगंगेच्या काठी एक गाव. आटपाट नगर म्हणावं एवढं ते मोठं नव्हतं. तिथं राजा नव्हता की परधान नव्हता. नागू नावाचा एक शेतकरी तिथं नांदत होता. नागूची बायको बायजा. बायजाच्या मांडीवर तान्ही मुलगी. तिचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं, कारण आधीची दोन बाळं नाव ठेवल्यावर गेली होती. आणि चौथी नागूची आई, सोनुबाई. बायजा लग्न होऊन यायच्या आदल्या पावसाळ्यात ती वारली होती. मेलेलं माणूस घरात मोजत नाहीत, ठाऊक आहे मला. पण तुम्ही मोजा.

नागूचं तसं बरं चाललं होतं. जमीन ओलीची, बैल उमदे, अंगणात खळं. फक्त त्या घरात भात टिकत नसे. चुलीवरून उतरवला की पांढराशुभ्र, शीत न् शीत मोकळं. ताटात पडेपर्यंत आंबूस वास सुटायचा. घास मोडायला जावं तर बोटांना तार यायची. तांदळाची भाकरी केली तर तीही तव्यावरून उतरताच चिकट, जशी कुणी आधी तोंडात घोळवून परत ठेवली आहे. बायजाला पहिल्या घासालाच उमाळा यायचा. ती उठून परसात जायची आणि ओकायची. नागू मात्र मिरची चावत, मान खाली घालून मुकाट्याने गिळायचा. नवरा एकदाही बोलत नाही याचं बायजाला बरं वाटायचं. मेलीला वाटायचं, माझ्यावर माया आहे म्हणून खातो.

बाईच्या पोटात अन्न नाही, तर छातीत दूध कुठून येणार? माहेरी, चौक गावाला गेली की दोन माणसांचं जेवायची, चोळी भिजून जायची. सासरी परतली की आठ दिवसांत छाती कोरडी. पहिली दोन बाळं अशीच वाळून गेली. ही तिसरी. हिचीही मान आता खांद्यावर ठरत नव्हती, आणि रडायचं सोडून ती नुसतीच ओठ हलवायची. भावाच्या घरी तरी किती राहणार? शेजारची मैनाकाकी मनाने चांगली, पण जीभ तिखट. ती म्हणायची, "बायजे, तुज्या चुलीकडं कुत्रंबी वळत नाय गं. हातांना काय लावलंस?"

आता पितरांचं सांगते. भादव्यात पानावर घास वाढायचा, कौलावर ठेवायचा, कावळा शिवला की आपलं माणूस जेवलं. नागूच्या आईचा घास मैनाकाकीच्या चुलीवर शिजायचा. नागूच्या चुलीची कीर्ती भावकीला माहीत होती. पण पान घेऊन वर जायचा नागू एकटा. घराला दोन पाखी, म्हणजे छपराच्या दोन उतरणी. पुढचं पाखं अंगणाकडे, मागचं परसाकडे. नागू मागून शिडी लावायचा, पार आढ्यापाशी, दोन्ही पाखी मिळतात तिथं, जायचा आणि थोड्या वेळाने वरूनच ओरडायचा, "शिवला! शिवला!" की भावकी जेवायला बसायची. पावसाळ्याआधी कौलं चाळायला गडी आला तरी नागूचं ठरलेलं, "म्होरलं पाखं कर. मागलं माजं मी बगतो."

मग ते वादळ आलं. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी, कार्तिकाच्या अंधाऱ्या पंधरवड्यात, रविवारच्या रात्री. भात कापून झाला होता, खळ्यात भारे रचलेले. समुद्राकडून वारा उठला तो इर्शाळगडावर जाऊन आपटला आणि परत फिरला. आंबे मुळासकट आडवे. खळ्यातले भारे शेजारच्या गावच्या बांधावर. सकाळी बघावं तर गावात धड छप्पर राहिलेलं नव्हतं. नागूचं पुढचं पाखं म्हणजे नुसते वासे आणि रिपा. कौलांचा अंगणात चुरा.

नागूने बैलगाडी जुंपली. कुंभाराकडे मिळतील तेवढी कौलं आणायला निघाला. बायजा म्हणाली, "मागल्या पाख्याचं काय? चढून बगते मी."

"मागं चढू नको. तकडं काय झालेलं नाय."

"तुमी बगितलंत?"

"बगायला कशाला लागतंय!" आणि त्याने बैलांना उगीचच फटका मारला.

दिवसभर बायजा चिखल उपसत होती. मुलीची झोळी तिने मागल्या पाख्याखाली बांधली, घरात तेवढाच कोपरा कोरडा होता. दिवस कलला तसं आभाळ पुन्हा भरून आलं. ती मुलीला बघायला गेली.

टप.

मुलीच्या ओठावर थेंब पडला. मुलीने जीभ काढून तो चाटला.

पाऊस अजून सुरू झाला नव्हता.

बायजाने पदराने मुलीचं तोंड पुसलं. पाणी नव्हतं ते. पेजेसारखं पांढुरकं, बोटाला चिकटणारं. वास घेतला... आंबलेला भात. आणि त्या वासाच्या खाली आणखी एक वास. चिघळलेल्या जखमेचा, पुवाचा. तोवर दुसरा थेंब पडला, आणि मुलीने वरती तोंड केलं होतं. उघडं. वाट बघत असल्यासारखं.

तिने मुलीला उचललं, मैनाकाकीच्या हातात दिलं आणि वर कौलांकडे बोट केलं.

"अगो, तिनीसांजंला लेकुरवाळी बाय कौलावर चडती का कुठं?"

"काकी, हिला धरा. माज्या चुलीचा भात माज्या तोंडात जात नाय. हिच्या तोंडात ह्यो कुनाचा जातोय ते बगून येते."

शिडी परसात होतीच. बायजा अंगाने हलकी. वासा जिथं असेल तिथंच पाय ठेवत ती वर गेली आणि पहिल्यांदा तिला नवल वाटलं. गावात एक कौल जागेवर नव्हतं, आणि हे पाखं काल चाळल्यासारखं. नळीला नळी लागलेली. वाऱ्याने इथं हातच लावला नव्हता.

आढ्यापाशी पानं होती. पळसाची पानं, एकावर एक, एकमेकांना डकलेली. प्रत्येकावर भाताचा घास. वरचा यंदाचा, त्याखाली गेल्या सालचा, त्याखाली त्याच्या आदला... एकाही घासाचं शीत ढळलेलं नव्हतं. चोच लागलेली नव्हती.

बायजाला सगळं कळलं. कावळा कधी शिवलाच नव्हता. नागू भावकीपुढे लाजला होता, आणि दर साली वरून खोटं ओरडला होता.

वास असा की तोंडात येऊन बसला. तिने पदर नाकाला लावला. भात हलत होता. अळ्या पडल्या असतील म्हणून ती वाकली. अळ्या असत्या तर बरं झालं असतं. शितंच हलत होती. आत जात होती, बाहेर येत होती... कुणी घोळवतंय तशी. तोंडात. दात नसलेल्या तोंडात.

मच्... मच्...

आवाज भातातून नव्हता. आढ्याच्या पलीकडून होता. पलीकडे कौलं नव्हती. बसायला जागाच नव्हती तिथं.

मच्... मच्...

थांबला.

बायजाने श्वास धरला.

"थू."

काहीतरी गरम तिच्या गालावर येऊन बसलं. मऊ. चावून चोथा केलेला घास. तो गालावरून हळू हळू हनुवटीकडे सरकला...

ती ओरडली नाही. ओरडायला तोंड उघडावं लागतं. ओठ घट्ट मिटून तिने दोन्ही हात जोडले, आणि मग न पाहिलेल्या सासूला कशीबशी पुटपुटली, "आत्याबाय... काय देवू तुमाला?"

पलीकडून श्वास आला. नुसता श्वास. लांब, घरघरता... भुकेल्या माणसाचा.

नागूची गाडी आली तेव्हा अंधार पडला होता. बायजा ओट्यावर कंदील घेऊन बसली होती. गालावरचं तिने पुसलं नव्हतं. मुद्दाम ठेवलं होतं. तिने कंदील गालाशी धरला. नागूने बघितलं, आणि कौलाची टोपली त्याच्या हातून सुटली.

"कावळा शिवला हुता?" बायजाने विचारलं.

नागू खाली बसला.

"तुमच्या आयनं काय मागितलं हुतं तुमच्याकडं?"

मैनाकाकी मुलीला घेऊन दाराशी येऊन उभी राहिली. मग नागू म्हणाला, "म्हातारी पडवीत हुती. अंथरुनावर पडून पडून पाठ सडली तिची. मी नाकाला धोतर लावायचो. करवंटीत शिळा भात घालायचो, नि काठीनं म्होरं सारायचो. कदी आंबलेला असायचा... ती थुकायची. म्हनायची, नाग्या, येक घास तुज्या हातनं दे रं. ऊन ऊन."

"मंग?"

"मला किळस यायची गं."

"तुमचं गू-मूत काडताना तिला आली हुती?"

इतकी वर्षं बायजाला त्या घरच्या भाताची किळस यायची. त्या रात्री नवऱ्याची आली. तो आजवर मुकाट्याने का गिळत होता ते तिला कळलं. आईला घातलेला तोच आंबलेला भात होता तो, आणि नागूने तो ओळखला होता. आणि त्यापायी तिची दोन लेकरं मातीत गेली होती.

"वर जावा," ती म्हणाली. "हातानं काडा सगळं. काठी घ्याची नाय. नाकाला फडकं लावायचं नाय. तवर मी भात टाकते. नायतर ह्या पोरीला घिऊन मी आत्ताच चौकची वाट धरते."

नागू चढला. त्याने एकेक पान हातांनी उचललं. मधेच तो ओकला, अंगणात ऐकू आलं. पुन्हा उचललं. कोपरापर्यंत बरबटलेले हात घेऊन खाली आला, परसात खड्डा करून सगळं पुरलं, आडाच्या पाण्याने हात धुतले. बायजाने चुलीवरचा भात वाफेसकट पानावर ओतला. आंबायला उसंत द्यायची नव्हती. पान हातात घेऊन नागू पुन्हा वर गेला.

चंद्र उगवायचा होता. दोघी बायका परसात उभ्या राहून आभाळावरची त्याची काळी आकृती बघत होत्या. त्याने घास उचलला. हात आढ्यापलीकडे नेला, जिथं काही नव्हतं तिथं. वाफ हातावरून वर जात होती.

हात तसाच राहिला.

वाफ थांबली.

नागूचं अंग एकदा शहारलं. वरून खालपर्यंत. पण हात त्याने मागे घेतला नाही. खांदे गदगदले. मग त्याचा आवाज आला, लहान पोरासारखा.

"आये... अजून दिऊ?"

मच्... मच्...

बायजा थुंकण्याची वाट बघत राहिली. मैनाकाकीने तिचा दंड धरला होता. थुंकलं कुणी नाही.

पान रिकामं झाल्यावर नागू उतरला. त्याचा उजवा तळवा ओला होता, आणि भाताचं एक शीतही त्याला लागलेलं नव्हतं. पातेल्यात भात उरला होता, आता गार झालेला. बायजाने पहिला घास भीत भीत तोंडात घातला. मग दुसरा. मग ती पातेलंच पुढ्यात घेऊन बसली आणि खरवड सुद्धा नखांनी काढून खाल्ली. पहाटे मुलगी छातीशी लागली ती सुटेना. दूध तिच्या ओठांच्या कडेने ओघळत होतं, आणि मैनाकाकी म्हणाली, "बग कशी पितीया बया, आजीवाणी भुकेली!"

तिचं नाव सोनू ठेवलं. ती जगली, तिच्या पाठीवर दोन भाऊ झाले, तेही जगले. नागूच्या खळ्यात भाताच्या भाऱ्यांची उडवी मावेनाशी झाली. पुढे गावात कुणाच्या लग्नाचा भात असला की चूल बायजाच्या परसात पेटायची. तिच्या हातचा भात दुसऱ्या दिवशीही मोकळा राहतो, अशी ख्याती झाली. आणि नागूने मरेपर्यंत घरातल्या दुखणेकऱ्याला दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नाही. सगळं स्वतःच्या हातांनी केलं.

मागलं पाखं अजून तसंच आहे. पितरं झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आढ्यापाशी एक नळीचं कौल उताणं पडलेलं असतं, ताटलीसारखं. पावसात सुद्धा कोरडं. आतून चाटूनपुसून स्वच्छ. आजोळी राहणारा सोनूचा मुलगा ते सरळ करतो. सरळ करताना बोटं सांभाळतो.

कौल ऊन असतं.