दुसरा कान

तिच्या बाबांना ऐकू येत नव्हतं आणि ती लोकांचे कान तपासून पोट भरत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. छापखान्याच्या यंत्रांपाशी आयुष्य काढून बाबांचे कान गेले होते. तिने स्वतः मापं घेऊन, स्वतः जुळवून दोन्ही कानांची यंत्रं आणली, ती टीव्हीखालच्या खणात डबीत पडून होती. जगात ऐकण्यासारखं उरलंय काय, असं बाबा म्हणत आणि टीव्हीचा आवाज इतका वाढवत की खालच्या मजल्यावरच्यांना बातम्या आयत्या मिळत. जेवायला वाढू का, एवढं विचारायलाही तिला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. ओरडून ओरडून तिचा स्वभावच ओरडका झाला होता, आणि त्याचं खापर ती बाबांच्या डोक्यावर फोडत असे.

रुग्णालयात सगळे तिला कानवाल्या ताई म्हणत. तिथेही सुख नव्हतंच. ज्याला ऐकू येत नाही त्याला ते सांगणाऱ्याचाच राग येतो, आणि सांगणं हे तर तिचं काम. कुणी म्हणे तुमचं यंत्रच बिघडलंय, कुणी म्हणे सून तोंडातल्या तोंडात बोलते, माझ्या कानांना काय धाड भरलीय. काही जण उलट, अवघड कामातून सुटका व्हावी म्हणून ठार बहिरे बनून येत. त्यांच्यासाठी तिच्याकडे एक जुनी युक्ती होती. तपासणी रंगात आली की माईकचा आवाज अगदी बारीक करून ती सहज म्हणायची, "तुमची पिशवी पडली खाली." समोरच्याची मान खाली गेली की सोंग संपलं.

अशा बाईला दिवसातून एक तास तरी कुणी हाक मारू नये असं वाटलं, तर त्यात तिची काय चूक? तो तास तिला मिळाला धाकट्या भावामुळे. त्याने हातात धरून खेळायचा नवा कन्सोल घेतला आणि जुना हिच्या गळ्यात मारला. आत एकच गेम होता, अंतराळाचा. एक यान घ्यायचं आणि ग्रहामागून ग्रह बघत सुटायचं. ग्रह इतके की सात जन्म खेळलीस तरी संपणार नाहीत, असं भाऊ म्हणाला. इंटरनेट जोडलं नाही तर तिथे दुसरं कुणी भेटत नाही, हेही त्याने सांगितलं. ते ऐकून तिने इंटरनेट जोडलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती तपासणीच्या खोलीत शिरायची. ही खोली म्हणजे खोलीच्या आत ठेवलेली एक जाडजूड पेटी. भिंतींना आतून भोकाभोकांचे पत्रे, त्यामागे स्पंज, शीतगृहाला असतं तसं वजनदार दार. आत एकच खुर्ची, रुग्णाची. समोर दुहेरी काच, आणि काचेपलीकडे तिचं टेबल, तिचं यंत्र, तिची फिरती खुर्ची. दार लावलं की आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू येतं. नवख्या माणसाचा जीव तिथे घाबरा होतो. हिला मात्र तिथे बसलं की माहेरी आल्यासारखं वाटायचं. ती रुग्णाच्या खुर्चीत बसायची, कन्सोलला हेडफोन जोडायची आणि उडायची.

आणि काय तो आनंद! जांभळ्या समुद्रावरून यान खाली उतरायचं, ढग फाटायचे, पायाखाली कुणीही न तुडवलेलं गवत लागायचं. उजव्या अंगठ्याखालचं बटण दाबलं की झाड, दगड, जनावर जे समोर असेल ते तपासलं जायचं आणि तिच्या नावावर नोंदलं जायचं. ग्रहाला नाव द्यायची सोय होती. तिने एकाला 'ओरडू नका' असं नाव दिलं, एकाला 'उद्या या'. बाहेर तोंड आंबट करून फिरणारी बाई त्या पेटीत एकटीच हसायची.

मग तो राखाडी ग्रह आला. गवत नाही, जनावर नाही, पाणी नाही, हवासुद्धा नाही. सपाट जमीन आणि काळं आभाळ. दुसरा कुणी असता तर यान वळवून निघून गेला असता. तिला तो फार आवडला. तिने त्याचं नाव ठेवलं 'निवांत'.

निवांतवर चालताना तिला बारीक शिट्टीसारखा सूर ऐकू आला. फक्त उजव्या कानात. जवळपास काहीतरी दडलंय असं समजून तिने तपासायचं बटण दाबलं. पडद्यावर काहीच झालं नाही, पण सूर थांबला. थोड्या वेळाने पुन्हा आला, आधीपेक्षा हळू. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा थांबला.

हा लपंडाव तिला आवडला. सूर मंद झाला की आपण वाट चुकलो, मोठा झाला की जवळ आलो, असा तिने अर्थ लावला आणि त्या उजाड जमिनीवर ती रोज जेवणाच्या सुट्टीत भटकू लागली. कधी सूर इतका बारीक होई की ऐकू आला की भास झाला ते कळत नसे. तेव्हा ती डोळे मिटायची, श्वास रोखायची, आणि आलाच असं वाटलं की अंगठा दाबायची. सापडत काहीच नव्हतं. पण इतकं कान देऊन तिने कित्येक वर्षांत काही ऐकलं नव्हतं.

डावा हेडफोन बिघडलाय का बघायला ती भावाकडे गेली. हेडफोन ठणठणीत होता. बोलता बोलता तिने निवांतचा सूर कसला ते विचारलं. भावाने कन्सोल हातात घेतला, त्या ग्रहावर बराच वेळ चालला, आणि म्हणाला, "ताई, इथे हवाच नाही. गेममध्ये अशा ठिकाणी आवाज ठेवतच नाहीत. मला तर काही येत नाही ऐकू."

ती म्हणाली की तुझेही कान तपासायला हवेत. तो हसला. ती हसली नाही, कारण तो खेळत असताना तिने हेडफोनला कान लावून पाहिलं होतं, आणि सूर खरंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक निवृत्त बसचालक तपासणीला आले. साधं काम. सूर ऐकला की बटण दाबायचं, एवढंच रुग्णाने करायचं. त्याने दाबलं की ती सुराचा आवाज दहा डेसिबलने उतरवायची, नाही दाबलं की पाचने चढवायची. दहाने खाली, पाचने वर, असं करत करत माणसाची रेघ सापडते. त्या रेघेच्या वरचं त्याला ऐकू येतं, खालचं येत नाही. हे तिचे हात झोपेतही करतील. त्या सकाळी हात ते करत होते आणि ती काचेतून बसचालकांकडे बघत होती. त्यांनी डोळे मिटले होते, श्वास रोखला होता, आणि नक्की न कळून त्यांचा अंगठा हळूच दाबला जात होता.

तिचा हात यंत्रावर तसाच राहिला. बसचालकांनी डोळे उघडून विचारलं की संपलं का. तिने कसंबसं सांगितलं, "झालं. आता दुसरा कान." हे वाक्य ती रोज प्रत्येकाला म्हणायची.

निवांतवर ती काही शोधत नव्हती. तिचा उजवा कान तपासला जात होता. दहाने खाली, पाचने वर. आणि ती गुणी रुग्णासारखी एकूण एक सुराला बटण दाबत आली होती.

कोण तपासतंय, हा प्रश्न तिने मनात येऊ दिला नाही. त्याहून वाईट प्रश्न दुसरा होता, कशासाठी? ती तपासायची ती लोकांना ऐकू यावं म्हणून. पण ज्याला तुमची रेघ कळली, तो त्या रेघेच्या खालून तुमच्या अगदी शेजारीही येऊन उभा राहू शकतो. तुम्हाला पत्ता लागणार नाही. आणि तिला तर जगात एकच गोष्ट हवी होती, की आपल्याजवळ कुणी नसावं.

कन्सोल बंद करून टाकावा असं वाटलं. पण तिच्यातली कानवाली हट्टी होती. माप अर्ध्यावर सोडलं तरी अंदाज बांधता येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माप चुकवायला हवं. आयुष्यभर ज्या सोंगाड्यांना तिने पकडलं, त्यांच्यासारखंच आपणही ठार बहिरं बनायचं, असं तिने ठरवलं. मग बसा म्हणावं शोधत माझी रेघ.

जेवणाच्या सुट्टीत तिने पेटीचं दार लावून घेतलं. पिशवी पायाशी ठेवली, हेडफोन चढवले आणि ती निवांतवर उतरली.

सूर आला. तिने अंगठा हलवला नाही.

पाचने चढला. तिने समोरच्या काचेवर नजर रोवली. पलीकडे तिचं टेबल, टेबलाला लावून ठेवलेली रिकामी खुर्ची.

पुन्हा चढला. पुन्हा. आता तो टाचणीसारखा टोचत होता. तिने दात आवळले, चेहरा कोरा ठेवला. सोंगाड्यांचा चेहरा कसा असतो ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

सूर थांबला.

पेटीत तिचं रक्त तेवढं वाहत होतं. जिंकले, असं तिला वाटलं. मोठा श्वास घ्यावा म्हणून खांदे सैल पडले.

तेवढ्यात उजव्या कानात, ऐकू आलं की भास झाला असं वाटावं इतक्या हळू, कुणीतरी सहज म्हणालं, "तुमची पिशवी पडली खाली."

तिची मान खाली गेली.

पिशवी पायाशीच होती. ठेवली होती तशी, उभी.

तिने मान वर करायला वेळ लावला. आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. पण शब्दांवरचा हेल तिचा स्वतःचा होता.

"झालं," तो आवाज म्हणाला. "आता दुसरा..."

तिने हेडफोन ओरबाडून काढले. काचेपलीकडे टेबलाला लावून ठेवलेली तिची खुर्ची मागे सरकलेली होती आणि अजून जराशी फिरत होती.

त्यानंतर तिने कन्सोल भावाला परत नेऊन दिला. जेवणाची सुट्टी ती बाहेर गर्दीत, गेटवरच्या रखवालदाराशेजारी काढू लागली. तो जन्माचा बडबड्या होता, आणि तिला आता बडबड हवीशी वाटत होती. डावा कान अजून आपला आहे, एवढाच तिला धीर होता. चालताना ती डावीकडचं नीट ऐकत चालायची. उजवीकडून काही ऐकू येत नव्हतं. काही नाहीच म्हणून, की आहे ते रेघेखाली आहे म्हणून, हे सांगायला कुणी नव्हतं. घरी ती गप्प झाली. ओरडायला तोंड उघडलं की वाटे, आपल्या ओरडण्यात दुसरं काही बुडून गेलं तर?

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी ती जेवणाची ताटं घेऊन आली तर टीव्ही बंद होता. बाबा टेबलाशी ताठ बसले होते आणि त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं होती. तिचा विश्वासच बसेना. तिने ताटं ठेवली. ती त्यांच्यासमोर बसली.

"तू आठवडाभर ओरडली नाहीस," बाबा खाली बघत म्हणाले. "मला वाटलं, होतं तेवढंही ऐकू येईनासं झालं. म्हणून घातली."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती बाबांशी साध्या आवाजात बोलली. यंत्रं टोचतात का, आवाज चिरका येतो का, हे तिने विचारलं. बाबांनी सगळ्याला बरोबर उत्तरं दिली. छान येतंय म्हणाले. घड्याळ ऐकू येतं, नळाचा थेंब ऐकू येतो. अगदी बारीकसारीकही येतं, बारीकसारीकच जरा जास्त येतं. ते तिचंच काम होतं. त्यांना काही निसटू नये म्हणून तिने यंत्रं मुद्दाम तशी जुळवली होती.

बाबांनी दोन घास खाल्ले. मग कपाळाला आठ्या घालून त्यांनी तिच्या उजव्या खांद्यापलीकडे पाहिलं, आणि पूर्वीच्याच खेकसणाऱ्या आवाजात म्हणाले, "त्याला जरा गप्प बसायला सांग. मघापासून काय लावलंय, दुसरा कान राहिलाय, दुसरा कान राहिलाय."

तिने उजवीकडे पाहिलं नाही. तिकडून तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

डावीकडून एक बारीक सूर आला, आणि टेबलाच्या कडेवर ठेवलेला तिचा अंगठा तिला कळायच्या आधीच दाबला गेला.