खड्ड्यातला गारवा

नागपूरच्या उन्हाळ्यात माणसं कूलरपुढे बसतात. आमच्या घरी त्या वर्षी कूलरपुढे व्हिडिओ गेमची पेटी बसली होती आणि माणसं पदराने वारा घेत होती.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. माझ्या नवऱ्याने, रविंद्रने, कळमेश्वरच्या कारखान्यातली नोकरी सोडून सक्करदऱ्याच्या आमच्या घरात, पुढच्याच खोलीत, गेमचं दुकान थाटलं होतं. एक रंगीत टीव्ही आणि त्याला जोडलेली काळी पेटी, एवढाच पसारा. सुट्ट्या लागलेल्या, त्यामुळे मोहल्ल्यातली पोरं सकाळपासून दारात. पण पेटी थोड्याच वेळात तव्यासारखी तापायची, पडद्यावरची विमानं जागच्या जागी थिजायची आणि पोरं बोंबलत घरी जायची. कूलर लावला तर त्याच्या ओल्या हवेने पेटी आतून दमट झाली, म्हणजे आगीतून फुफाट्यात. सुट्टीत दुकान चाललं नाही तर रविंद्रला पुन्हा कळमेश्वर गाठावं लागणार होतं, आणि तिथून तो रोज किती मरगळून यायचा ते मी पाहिलं होतं.

मग त्याला खड्डा आठवला.

त्या खोलीत माझ्या सासऱ्यांचा, बबनराव मामाजींचा, हातमाग होता. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी पट्ट्या दाबतो आणि हाताने आडव्या धाग्याचा धोटा डावीउजवीकडे फेकतो. मामाजी हिवाळ्यात मागावर बसल्या बसल्याच गेले. लुगडं अर्धं राहिलं. एकुलत्या एका मुलाने माग शिकला नाही, हे त्यांचं दुःख होतं. रविंद्रला साधा तुटलेला धागाही जोडता येत नसे. माग विकला, अर्धं लुगडं सासूबाईंनी ट्रंकेत ठेवलं. घरची रीत अशी की माग उठला की खड्डा त्याच दिवशी बुजवायचा. आम्ही मात्र तो ठेवला, कारण माठ ठेवायला त्याच्यासारखी गार जागा नव्हती.

"बुजवून टाक गा तो खड्डा," सासूबाई म्हणाल्या. "त्यायचं लुगडं अर्धं राह्यलं आहे."

"उन्हाळाभर राहू दे ना, आई. इतकी थंड जागा नागपुरात कुठं भेटन?"

 मामाजी खोलीत आले की सासूबाई डोक्यावरून पदर ओढून दाराशी उभ्या राहत, जन्मभराची सवय. ते गेल्यापासून पदर खांद्यावरच असे. त्या दिवशी त्यांनी तो नुसता मुठीत धरला.

माठ बाहेर आला, पेटी खड्ड्यात गेली आणि विमानं एकदाही थिजली नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवते. जमीन आतून थंड असते, हे मीच मुलांना सांगते. पण एका दुपारी मी खड्ड्यात हात घातला. खड्ड्याची माती गार होती. सकाळपासून चालू असलेली पेटी त्या मातीहूनही गार होती. असं होत नाही. वायर ढिली असेल, चुकून बंद असेल म्हणून वर पाहिलं, तर पोरं खेळत होती.

पुढे पोरं तक्रार करू लागली. हात लावला नाही तरी विमान आपोआप डावीकडे जातं, उजवीकडे जातं, पुन्हा डावीकडे. रविंद्र वायर तपासायला खड्ड्यात पाय सोडून बसला आणि मग रोज तिथेच बसू लागला. पाणी मागेना. बाहेर डांबर वितळत होतं आणि तो माझ्याकडे चादर मागायचा. मी त्याचे पाय चोळले तेव्हा माठाला हात लावल्यासारखं वाटलं. मला भीती वाटली. दुकान गेलं खड्ड्यात, मला माझा माणूस धड हवा होता.

"काहून बसता तिथं?" मी विचारलं.

"बरं वाटते," एवढंच तो म्हणाला.

एका दुपारी लाइन गेली. पंखा थांबला, पोरं घरी पळाली. मी स्वयंपाकघरात होते. पुढच्या खोलीतून खट्, खट् असा आवाज येत होता. गेम चालू असेल असं वाटलं.

मग आठवलं, लाइन नाही.

रविंद्र काळ्या पडद्याकडे बघत होता. त्याचे पाय खड्ड्यात एकाआड एक दाबले जात होते. उजवा हात हवेत काहीतरी फेकत होता.

"अहो, उठा."

"थांब वं, जया. चार बोटं लुगडं राह्यलं."

मी त्याला काखेत धरून ओढलं. तो हलेना. सासूबाई धावत आल्या. त्या मुलाकडे पाहतच नव्हत्या, खड्ड्यात पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "सोडा जी त्याले."

पाय सुटले.

संध्याकाळच्या आत हातगाडीभर मुरूम आणून खड्डा भरला. मी स्वतः तो वरून फळीने ठोकून घट्ट केला.

दुसऱ्या दिवशी रविंद्रचे पाय कोमट होते. त्याने पाणी मागितलं, पंख्याखाली बसून उन्हाला शिव्या दिल्या. मी पेटी टेबलावर मांडली. थोड्या वेळात तिला हात लावला तर चटका बसला, आणि मला इतका आनंद झाला की रडूच आलं. जाईल तर जाईल कळमेश्वरला, मी म्हटलं.

पोरं यायची होती. रविंद्र खुर्चीवर बसून एकटाच खेळत होता. सासूबाई त्याच्यासाठी पाण्याचा गिलास घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. त्या खुर्चीखाली, त्याच्या पायांकडे बघत होत्या.

त्यांनी गिलास खाली ठेवला. डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि दाराशी उभ्या राहिल्या.