पहिल्या रिंगला

करुणानं नव्या कॉम्प्युटरचं झाकण लावलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सिडकोतल्या भाड्याच्या खोलीत कूलर घरघरत होता. धाकटा भाऊ आकाश शेंद्र्याच्या कारखान्यातल्या ड्युटीला निघता निघता रॅमचा, म्हणजे मेमरीचा, रिकामा डबा उलटसुलट करत त्यावरचे आकडे वाचत होता.

“ताई, सहा हजार म्हंजी लई फास्ट ना? मंग हे तीस कशाचं?”

“सहा हजार म्हंजी एका दमात किती माल येतो ते. तीस म्हंजी मागितल्यावर पहिला दाणा हाती पडेपर्यंत मशीनचे किती ठोके जातात, तो उशीर. तो कमी पायजे.”

“म्हंजी तुझा फोन आन् माझं ‘बोल ताई’. उशीरच नाय!”

त्याच्या या खोडीचाच तर तिच्या जिवाला घोर होता. गाडी चालवतानाही हा पठ्ठ्या तिचा फोन पहिल्या रिंगला उचलायचा. गावाकडून, कन्नडहून, आईनं शपथा घालून झाल्या होत्या.

“गाडीवर मोबाइलला हात लाव, मंग बघ,” ती ओरडली. तो हसत जिना उतरला.

तिनं सगळा मिळून उशीर मोजला. सत्तर नॅनोसेकंद. करुणा हट्टी. तीसचा आकडा एकेकानं खाली आणायचा, मशीन पुन्हा चालू करायचं, मोजायचं. अडुसष्ट. सहासष्ट. इथवर ठीक होतं.

पुढच्या खेपेला उशीर एकदम एकतीस नॅनोसेकंद आला. एवढा कमी येऊच शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं सगळं पहिल्यासारखं करून ठेवलं आणि पुन्हा मोजलं. नऊ. मग शून्य.

मग उणे चार.

म्हणजे मागण्याआधीच हातात.

हे आकाशला सांगायलाच हवं होतं; पण तो गाडीवर असणार, फोन नको, म्हणून तिनं स्क्रीनवर त्याचं चॅट उघडलं. कीबोर्डला बोट टेकण्याआधीच अक्षर उमटलं. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले. अक्षरं येतच राहिली.

‘आकाश, फोन उचल.’

‘आकाश, फोन उचल ना.’

काही सुचेना. तिनं मोबाइल घेतला आणि नंबर लावला.

पहिली रिंग.

“बोल ताई.” मागं वारा, ट्रकचा हॉर्न.

“कुठंय तू?”

“जालना रोडला. काय झालं?”

“आधी बाजूला थांब!”

“व्हय, थांब—”

फोन कटला.

तिनं पुन्हा लावला. रिंग शेवटपर्यंत वाजली. पुन्हा लावला. पुन्हा.

मग तिनं टाइप केलं, आकाश, फोन उचल. आकाश, फोन उचल ना. स्क्रीनवर नवं एकही अक्षर आलं नाही. ती सगळी आधीच तिथं होती.

मग आपोआप आईचं चॅट उघडलं. तिथं तिनं अजून न लिहिलेली एकच ओळ होती.

‘आई, शेजारच्या कडूबाईला बोलावून घे. मग मला फोन कर.’