पोच दिल्याशिवाय

सांगलीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात शालन पहिल्या दिवशी आली, ती चपला घालूनच संगणकाच्या खोलीत शिरली. एकोणऐंशी सालचा एप्रिल. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि आत पाऊल टाकलं तर अंगावर काटा यावा इतका गारठा. समोर चार पडदे मांडलेले. चारही पडद्यांवर हिरव्या अक्षरांत एकच मजकूर होता. अक्षरं इंग्रजी, पण भाषा आपली.

'चपला बाहेर काढा. मशीनला धूळ चालत नाही.'

ती जागीच थबकली. मागून कुणीतरी म्हणालं, "वाचलं न्हवं? मग हुबं का ऱ्हायलाय?"

वळून बघते तर उंच, सावळा, अनवाणी तरुण. "मी जालिंदर. दुपारच्या पाळीचा ऑपरेटर. आजपास्नं सकाळची पाळी तुमची."

"ही पाटी तुम्ही लिहिली?"

"व्हय."

"कृपया राहिलं त्यात."

"सा ओळींच्या वर लिवायचं न्हाई, असा सायबांचा हुकूम हाय," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. मग जरा थांबून... "म्हंजी, कृपयाला जागा हुती तशी. माजंच चुकलं."

दुसऱ्या दिवशी पाटीवर पहिलाच शब्द कृपया होता. शालन एकटीच हसली आणि चपला काढून आत गेली.

आता हे पाटीचं प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मशीन रात्री बंद असे. सकाळी आठला शालन ते सुरू करायची. सुरू झालं की चारही पडद्यांवर आधी पाटी यायची, ती येईल त्याला दिसायची. मग ऑपरेटरनं नाव आणि परवलीचा शब्द टाकला की दुसरा मजकूर उघडायचा, तो फक्त ऑपरेटरसाठी. कुठली टेप अडकतेय, कुणाचं काम अर्धं राहिलंय. त्याला ती दोघं चिठ्ठी म्हणत. पाटी आणि चिठ्ठी रोज बदलायची, हे त्या दोघांचंच काम. विभागप्रमुख मानसिंगराव पाटीवर कामाशिवाय एक शब्द खपवून घेत नसत. चिठ्ठी मात्र त्यांच्या नजरेला कधी पडत नसे.

दुपारी दोनला पाळी बदलताना दोघांची भेट व्हायची, जेमतेम पाच मिनिटं. बाकी सगळं चिठ्ठीतून. 'तीन नंबरची टेप घासतेय' याच्याखाली हळूच 'जेवलात का?' आलं. त्याच्याखाली 'मेसच्या भाजीला जेवण म्हणत असाल तर हो' असं शालननं लिहिलं. एका सकाळी चिठ्ठीत एवढंच होतं — 'खुर्चीखाली बघा.' तिनं वाकून पाहिलं. घोंगड्याचा एक जाड तुकडा, नीट घडी घालून ठेवलेला.

दोन वाजता तिनं विचारलं, "हे काय?"

"आमच्या जतचं हाय. घरच्या मेंढरांच्या लोकरीचं." तो जमिनीकडे बघत होता. "तुमचे पाय गार पडत्यात."

"तुम्हाला काय माहीत?"

"एक पाय दुसऱ्यावर ठिवून बसता तुमी... मी काय मुद्दाम बघत न्हाई. दिसतं."

त्या दिवसापासून शालनचा जीव त्याच्यात अडकला. उगीच आडपडदा कशाला, सरळच सांगते. आठ वाजता नाव टाकल्यावर चिठ्ठी उघडेपर्यंतचा तो क्षणही तिला जड जायचा.

आणि मग ऑगस्टात साताऱ्याहून आबांचं पत्र आलं. आबा म्हणजे तिचे वडील, निवृत्त सुभेदार लालासाहेब. उभी हयात फौजेच्या सिग्नलमध्ये, संदेश पाठवण्या-घेण्यात गेलेली. पत्रसुद्धा तारेसारखं तुटक. कोरेगावच्या हंबीररावांचा मुलगा, कॅप्टन, रजेवर आलाय. रविवारी बघायला येतील. शनिवारी तुला न्यायला येतो. पसंती आली तर लग्न याच रजेत.

शालननं ते जसंच्या तसं चिठ्ठीत लिहिलं. खाली एकच ओळ घातली. 'तुम्हाला काही म्हणायचंय का?'

दुसऱ्या सकाळी चिठ्ठी उघडली. 'दोन नंबरची टेप बदलली. हेड साफ केलं.' बस्स. त्याच्या नेहमीच्या आपुलकीच्या शब्दांचा मागमूस नाही. दुपारी तो आला, किल्ल्या घेतल्या, मान वर केली नाही. शुक्रवारीही तेच. मेसवर जाताना शालन रस्त्यातच रडली. तिला वाटलं, आपण नुसत्या घोंगड्याच्या तुकड्यावर घर बांधायला निघालो होतो.

शनिवारी पहाटेची एस्टी पकडून आबा आले. पावणेआठला कॉलेजच्या दारात हजर, कडक इस्त्री, पिळदार मिश्या. "बगू तरी, कसलं मशीन हाय ते. आमच्या येळंला असलं काय न्हवतं." खोलीबाहेर त्यांनी वहाणा काढल्या आणि आत येताच म्हणाले, "आयला, हितं काश्मीर हाय की." शालननं मुकाट्यानं घोंगडं त्यांच्या पायांखाली सरकवलं.

तिनं मशीन सुरू केलं. पडदे गुरगुरले, उजळले. पाटी आली. सहा ओळी, चारही पडद्यांवर.

'शालन, आमचं गाव जत. पाणी टँकरचं.
चार एकर ज्वारी, मेंढरं आणि ही नोकरी.
कॅप्टनपुढं सांगण्यासारखं काही नाही, म्हणून गप्प होतो.
चिठ्ठीत लिहिणं चोरून बोलल्यासारखं वाटलं, म्हणून पाटीवर.
रविवारी मीही आलो तर दार उघडाल का?
जालिंदर.'

आबा एकेक अक्षर लावत, ओठ हलवत वाचत होते. शालनला पळून जावंसं वाटलं आणि तिथंच बसावंसंही वाटलं. वाचून झालं. आबांनी चष्मा काढला.

"हे समद्यास्नी दिसतं?"

"हो."

"पोरं कवा येत्यात?"

"साडेआठला. मानसिंगराव नऊला. त्यांनी हे पाहिलं तर जालिंदरची नोकरी जाईल, आबा."

"मंग पूस. आत्ताच्या आत्ता."

पुसणं एका मिनिटाचं काम होतं. नाव टाकायचं, मजकूर काढायचा, 'कृपया चपला बाहेर काढा' पुन्हा बसवायचं. उद्या हंबीरराव येतील, सगळं रीतीनं होईल. शालननं बोटं कळपाटावर ठेवली... आणि काढून घेतली.

"आबा, लहानपणी तुम्हीच सांगायचात. फौजेत आलेला संदेश कसा पुसायचा?"

आबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पोच दिल्याशिवाय पुसायचा नाही, असं म्हणायचात ना? मला पोच द्यायचीय. मग पुसते."

"आन् हंबीररावास्नी म्या काय सांगू?"

"खरं ते सांगा. पोरीनं शब्द दिलाय दुसऱ्याला. चार एकर ज्वारीवाल्याला." तिनं नजर खाली घातली नाही.

आबांनी पडद्यावरचा मजकूर पुन्हा एकदा वाचला. मग पायांखाली पाहिलं. "हे घोंगडं कुठलं?"

"जतचं. त्यांनीच दिलं. माझे पाय गार पडतात म्हणून."

बाहेर व्हरांड्यात पोरांची बडबड ऐकू यायला लागली. आबांनी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसले. "लिव्ह तुजी पोच. पाटीवर नगं, त्याच्या नोकरीचं बगाय पायजे. चिठ्ठीत लिव्ह."

शालननं आधी पाटीवर 'कृपया चपला बाहेर काढा' पुन्हा बसवलं. मग चिठ्ठी उघडून लिहिलं, 'संदेश पोचला. दार मीच उघडीन.' अक्षरं तिला नीट दिसत नव्हती. तिनं पदरानं डोळे पुसले.

"झालं?" आबांनी विचारलं. "आता खाली माजं घाल. वडीलधाऱ्यास्नी घिऊन यायचं, एकट्यानं न्हाई. उद्या न्हाई, म्होरल्या रविवारी. उद्या मला हंबीररावांच्या पाया पडाय जायचं हाय."

ती टाइप करत गेली.

"आन् त्याला म्हणावं," आबा घोंगड्यावर पाय घट्ट रोवत म्हणाले, "आमच्या दारातबी चपला भाईरच काढायच्या. कृपया."